पाठीमागून हाक मारू नये

धावरी हे गाव तसं आडबाजूचं. एका अंगाला करवंदीच्या जाळ्या, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि ओढ्याच्या काठावर निवांत महाराजांचा मठ. महाराज मूळचे कुठले, कोणत्या कुळातले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका वर्षी सुगीच्या दिवसांत ते आले, ओढ्याकाठच्या उंबराखाली बसले, आणि बसले ते बसलेच. आधी गुराखी आले, मग बायका आल्या, मग पंचक्रोशीतले पाटील-कुलकर्णी आले. जो तो आपलं दुःख महाराजांपुढे मोकळं करायचा, आणि महाराज बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की सांगणाऱ्याला वाटावं, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकतंय. हो, घरात कोण कुणाचं ऐकतं? सासू सुनेचं ऐकत नाही, बाप लेकाचं ऐकत नाही. महाराज मात्र एक शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. सगळं झालं की मोजकं बोलायचे. आवाज घोगरा, चढ नाही की उतार नाही, सगळा एकाच पट्टीतला. लोक म्हणायचे, सिद्धपुरुषाची वाणी अशीच असते. आता दुसरा सिद्धपुरुष यांनी कुठे ऐकला होता, ते देवच जाणे!

मठ मोठा झाला तसे मठाचे नियम झाले. पहिला नियम असा की महाराजांकडे यायचं ते समोरून. पाठीमागून त्यांना हाक मारणं हा मोठा अपचार. दुसरा नियम, दिवेलागण होऊन अंधार पडला की महाराजांचं मौन. त्यानंतर काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. तिसरा नियम, तोंडात पान धरून किंवा तोंडावर पदर घेऊन बोलायचं नाही. आणि चौथा तर असा की परगावचा माणूस ऐकून चाटच पडावा. मिशा वर वळवल्याशिवाय दर्शन नाही! ज्याच्या मिशा ओठांवर उतरल्या असतील त्याने पायरीवर थांबायचं, त्या दोन्ही हातांनी वर पिळायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं.

हे नियम महाराजांनी सांगितलेले नव्हते. महाराजांचं वागणं पाहून ते विश्वंभरबुवांनी ठरवले होते. विश्वंभरबुवा म्हणजे मठाचे कीर्तनकार आणि महाराजांचे पट्टशिष्य. अंगानं भारदस्त, मिशा झुबकेदार, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडे गुरं माना वर करायची. प्रत्येक नियमावर बुवांनी निरूपण रचलं होतं. मिशा वर का? तर अहंकार ओठावरून उचलून देवाच्या दिशेला न्यायचा म्हणून. अंधारात मौन का? तर त्या वेळी महाराजांचं परलोकाशी बोलणं चालतं म्हणून. एका सावकारानं मठाच्या मंडपाला दगडी फरशी देऊ केली होती, तेव्हा महाराजांनी मान हलवून फळ्यांचीच जमीन राहू दिली. तेव्हापासून बुवा त्यावरही तासभर बोलायचे. वैराग्य, वैराग्य आणि वैराग्य! लोक माना डोलवायचे, आणि समोर बसलेले महाराजही बुवांकडे बघत मान डोलवायचे. त्या डोलणाऱ्या मानेसाठी बुवा जीव तोडून गात.

या मठात भात कांडायला यायची धुरपदा. नवरा कधीच गेलेला. पदरात एकच लेक, हौसा. हौसा जन्मापासून बहिरी. ऐकू येत नाही म्हणून बोलणं नाही, आणि बोलणं नाही म्हणून गावाच्या लेखी ती खुळी. खुळी कसली! आईच्या मुसळाला मुसळ लावून एका उखळात कांडायला बसली, तर मजाल आहे एक घाव चुकायची. मायलेकींनी आपली एक हातांची बोली केली होती. भाकर, पाणी, ओढा, राग, लाज, सगळ्याला हातांची खूण होती. माणसांनाही खुणा होत्या. छातीवर तळहात आडवा ठेवला की ती आई. हनुवटीवर बोट टेकलं की ती हौसा, कारण पोरीच्या हनुवटीवर तीळ होता. जगात तिला त्या नावानं बोलावणारं माणूस एकच, आणि त्या माणसाचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते.

धुरपदेला एकच घोर होता. मी मेले की ही कुणाशी बोलणार?

त्यात हौसानं एक दिवस तिला कोड्यात टाकलं. धुरपदेनं महाराजांकडून अनुग्रह घेतलेला होता. कानात मिळालेलं नाम घेत ती रोज सकाळी तुळशीची माळ ओढायची. हौसाही शेजारी बसून तशीच माळ ओढायची. त्या दिवशी तिनं मधेच आईचा हात धरला. आईच्या ओठांकडे बोट केलं, माळेकडे केलं, मग आपली माळ पुढे धरली आणि रिकामी मूठ उघडून दाखवली. तुझ्या माळेत काहीतरी आहे. माझ्या माळेत काही नाही. ते मला दे.

गुरूनं दिलेलं नाम दुसऱ्याला सांगायचं नसतं, आणि सांगायचं म्हटलं तरी त्याला खूण कोणती करणार? भाकरीला खूण करता येते. नामाला कशी करायची? बाई दिवसभर कांडण सोडून तशीच बसून राहिली. संध्याकाळी तिनं मनाशी पक्कं केलं. माघी पौर्णिमेला महाराज अनुग्रह देतात. पोरीला त्यांच्या पायांवर घालायचं. आपण गेल्यावर तिच्याशी बोलायला निदान देवाचं नाव तरी असेल.

पण तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिनं कुणाजवळही काढली नव्हती. कांडलेले तांदूळ द्यायला मायलेकी मठात गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. महाराज पूजेला पाठमोरे बसलेले. कुणाच्या तरी हातून तांब्याची घागर दगडी पायरीवरून गडगडत खाली गेली. बाहेरची माणसं दचकली, झाडावरचे कावळे उडाले. महाराज हलले नाहीत. थोड्या वेळानं धुरपदेनं तांदळाचं पोतं फळ्यांवर टाकलं, तसं महाराजांनी लगेच वळून पाहिलं. धुरपदेला यात काहीच दिसलं नाही. हौसाला दिसलं. घरी येताना तिनं दाढीवरून हात फिरवला, म्हणजे महाराज. मग कानाला बोट लावून मूठ मिटली, म्हणजे बंद. आणि मग तीच मूठ आपल्या छातीवर ठेवली. माझ्यासारखे.

धुरपदेनं फाडकन त्या हातावर चापट मारली. हौसाच्या हातावर मारणं म्हणजे तोंडात मारणंच की! पोर रडली. धुरपदाही रडली, पण ती भीतीनं. महाराज आणि बहिरे? हे पाप कुणाच्या नजरेला पडलं असतं तर लोकांनी दगड घेतले असते.

माघी पौर्णिमा आली. सकाळपासून मंडप फुलून गेला होता. महाराज आत देवापुढे पाठमोरे बसले होते. त्यांची पूजा आटोपली की अनुग्रह घेणाऱ्यानं एकेकानं जवळ जायचं, दोघांच्या डोक्यावरून शाल घालायची आणि महाराजांनी उजव्या कानात नाम सांगायचं, अशी रीत. कुणाला सोडायचं ते बुवा ठरवायचे. बुवा मंडपाच्या तोंडाशी चौरंगावर बसले होते. आज मिशांना तूप लावलेलं होतं.

धुरपदा लेकीला घेऊन पुढे आली. हौसाला नवं लुगडं, हातात तुळशीची माळ.

"कोण घेणार अनुग्रह? तू तर घेतलायस, धुरपदे."

"मी न्हाई, बुवा. माजी हौसा."

बुवांनी हौसाकडे पाहिलं, मग मंडपातल्या लोकांकडे पाहिलं. आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची त्यांना सवयच होती.

"ही? अगं, मंत्र द्यायचा तो कानात. हिचे कान कुठे ठेवून आलीस? घरी विसरलीस की काय?"

लोक हसले. लोकांचं काय जातं हसायला!

"बुवा, थट्टा करू नगा. तिला नाम पायजे. ती हात जोडून मागती."

"मागेल गं! उद्या गोठ्यातली म्हैस मागेल, तिलाही देऊ काय? देवानं ज्या घराला दारच ठेवलं नाही, त्या घरात मी महाराजांना कुठून नेऊ? नामाला कान लागतो. हिला घरी ने, भात कांडायला लाव. या जन्मी एवढंच."

"मग मी महाराजांनाच इचारते."

"विचारायचं काय? महाराज इथेच बसलेत. सगळं ऐकताहेत. मी चुकत असतो तर बोलले नसते का? महाराज गप्प आहेत, म्हणजे त्यांची संमती आहे."

धुरपदेला काय झालं कोण जाणे. जन्मभर मान खाली घालून वावरलेली बाई. तिनं सगळे नियम गुंडाळून ठेवले आणि महाराजांच्या पाठीकडे बघत ओरडली, "महाराज! माज्या लेकराकडं बगा वो, महाराज!"

पाठीमागून हाक! बुवा चौरंगावरून अर्धे उठले. कुणीतरी 'शिव शिव' म्हणालं. आता महाराज काय करतात म्हणून सगळे डोळे तिकडे लागले.

महाराजांनी देवाला एक फूल वाहिलं. मग दुसरं वाहिलं. मान वळवली नाही.

"पाहिलंस?" बुवा हळू आवाजात म्हणाले, आणि ते हळू बोलणं आधीच्या ओरडण्याहून वाईट होतं. "महाराजांनीही तोंड फिरवलं."

इतकी वर्षं या माणसापुढे तिनं सगळं सांगितलं होतं. नवरा गेला तेव्हा, पोर बहिरी आहे हे कळलं तेव्हा. आणि आज त्यांनी वळूनसुद्धा पाहू नये? तिला महाराजांचा राग आला, देवाचाही आला. ती होती तिथेच खाली बसली.

हौसाला यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. पण तिनं बुवांचं हसणं पाहिलं होतं, लोकांचे दात पाहिले होते, आणि आता आईचा चेहरा पाहिला. तिनं महाराजांच्या पाठीकडे पाहिलं. मग तिनं उजवा पाय उचलला आणि मंडपाच्या फळीवर सगळ्या जोरानं आपटला.

धाड! धाड! धाड!

मंडप हादरला. समयांच्या ज्योती थरथरल्या. महाराज झटक्यात वळले.

"अगं ए रांडे!" बुवा हात उगारून धावले. महाराजांपुढे पाय आपटणं, असं धावरीत कधी झालं नव्हतं, कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. धुरपदेनं डोळे गच्च मिटून घेतले. आता मार बसणार, मग गावाबाहेर काढणार. पण मार काही बसला नाही. तिनं डोळे उघडले तर महाराजांचा हात वर होता आणि बुवा जागच्या जागी थांबले होते.

महाराज हौसाकडे बघत होते. हौसानं तीच खूण केली. दाढीवरून हात. कानाला बोट, मिटलेली मूठ. मूठ आपल्या छातीवर. सगळ्यांदेखत!

महाराजांचा चेहरा उजळला. सासरी कोंडलेल्या लेकीला दारात अवचित माहेरचं माणूस दिसावं, तसा. त्यांनी आपले हात वर उचलले. बोटं जरा अवघडली होती, खुणांसाठी पुष्कळ दिवसांत वापरली नसावीत. त्यांनी कानाला बोट लावलं. मूठ मिटली. ती आपल्या छातीवर ठेवली, मग हौसाकडे केली. तुझ्यासारखा. आणि महाराज मोठ्यानं हसले. धावरीनं ते हसणं आजवर ऐकलं नव्हतं.

मग लोकांकडे तोंड करून महाराज म्हणाले, "पोरीनं ओळखलं. मी बहिरा आहे."

सज्जनहो, माणसं कशी सुन्न होतात ते त्या दिवशी बघण्यासारखं होतं! एकाच्या हातातला नारळ निसटून फळ्यांवर गडगडत गेला, तो उचलायचं कुणाला सुचलं नाही. पाटलांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. म्हाताऱ्या भागूबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्या सरकत सरकत खाली बसल्या. जो तो शेजाऱ्याकडे बघायचा, आपण ऐकलं तेच यानं ऐकलं का म्हणून.

"लहानपणी मोठा ताप आला," महाराज म्हणाले. "ताप गेला आणि कान घेऊन गेला. बोलणं तोवर आलेलं होतं, ते राहिलं. माणूस समोर असला, उजेड असला, ओठ दिसत असले, की मला कळतं. एरवी काही कळत नाही."

समोर असला. उजेड असला. ओठ दिसत असले. लोकांच्या डोक्यात हळूहळू एकेक गाठ सुटत गेली, आणि जशी सुटली तशी मंडळी जास्तच चक्रावली.

"म्हंजे महाराज," एका शेतकऱ्यानं चाचरत विचारलं, "मिशीचं ते... अहंकाराचं न्हाई?"

"मिशीआड ओठ दिसत नाहीत, बाबा."

"आन् फळ्या? त्या वैराग्यासाठी ना?"

"कुणी आलं की फळी हलते. मला कळतं."

एक जण फिस्सकन हसला आणि त्यानं घाबरून स्वतःचंच तोंड दाबलं. खांबापाशी बसलेल्या भागूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "महाराज, माजा नातू गेला तवा मी दीसभर तुमच्यापुढं बोलत हुते. त्यातलं तुमी कायच ऐकलं न्हाई?"

"ऐकलं नाही, आजी. पाहिलं. तुझ्या पदराला हळद लागली होती. बोलता बोलता तुझे ओठ थांबले आणि पुढे हलेचनात. मग मीही तुझ्यासंगं गप्प बसलो."

भागूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "व्हय, बसला हुता. दुसरं कुनीच बसलं न्हाई."

"पण महाराज, कधी सांगितलं का नाहीत?" पाटलांनी विचारलं.

"विचारलंत कुठे? जो आला तो आपलं सांगायला आला." महाराजांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

आणि बुवा? बुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि माझी कीर्तनं?" ते पुढे आले. "महाराज, मी तुमच्यासाठी गायलो. तुम्ही मान डोलवत होतात!"

"तुम्ही डोलायचा, म्हणून मी डोलायचो. तुमच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. मला वाटायचं, केवढे कष्ट घेतात बुवा."

हसावं की रडावं, लोकांना कळेना. बुवांना मात्र कळलं. एवढ्या वर्षांचा तो सगळा आवाज त्यांच्यासमोर मातीमोल झाला होता. माणसाचा अभिमान असा भर सभेत फुटला की त्याला दुसरं काही सुचत नाही, तो चवताळतोच.

"मग मला दिलेला मंत्र?" बुवा गरजले. "ज्याला स्वतःचा शब्द कळत नाही त्यानं माझ्या कानात काय पुटपुटलं कुणास ठाऊक!" उपरणं खांद्यावर टाकून ते वळले आणि पायरीकडे जात लोकांना म्हणाले, "चला रे! आंधळे होतो आपण सगळे. बहिऱ्यांचा मठ आहे हा! फसवलं यानं आपल्याला!"

दोघं-तिघं उठलेही. पण बुवा हे पाठमोरं बोलले होते. महाराजांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं. ते शांतपणे हौसाला जवळ बोलावत होते. धुरपदेला ते दिसलं, आणि तिला वाटलं, केवढी मोठी शिवी दिली मेल्यानं, आणि ती पोचलीच नाही!

हौसा महाराजांपुढे बसली. शिष्य शाल घेऊन आला, त्याला महाराजांनी हातानं परत पाठवलं. शालीखाली अंधार असतो.

"माझ्या गुरूंनाही हाच प्रश्न पडला होता," महाराज लोकांना म्हणाले. "मी बहिरा पोर त्यांच्या दारात जाऊन बसलो. ते म्हणाले, कान मिटलाय तर मिटू दे, हात तर उघडा आहे ना?"

महाराजांनी हौसाचा उजवा तळहात आपल्या छातीवर ठेवला, डोळे मिटले, आणि नाम उच्चारलं.

काय उच्चारलं ते कुणाला सांगता येणार नाही. महाराजांच्या घोगऱ्या आवाजाचा फक्त एक घुमारा उठला, जातं दुरून फिरत असावं तसा. हौसा दचकली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं दुसराही हात महाराजांच्या छातीवर ठेवला. धुरपदा श्वास रोखून लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

आणि तेवढ्यात धुरपदेचा स्वतःचा हात, जो तिनं फळीवर टेकला होता, तो गुणगुणायला लागला.

आधी तिला वाटलं, भास आहे. पण तळहातातून काहीतरी वर चढत होतं, आणि ते काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं नाम! शालीखाली कानात मिळालेलं, कुणालाही न सांगितलेलं, तेच, तेवढंच, तसंच. तिनं घाबरून हात उचलला. समोर भागूबाई खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पाटील आपल्याच तळव्याकडे बघत होते. पूजेच्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती. ज्याचा हात जिथे टेकला होता तिथे त्याला त्याचं नाम भेटत होतं, आणि नाम गुप्त ठेवायचं असतं म्हणून कुणी कुणाला काही बोलतही नव्हतं. भरल्या मंडपात माणसं नुसती एकमेकांकडे बघत होती. अशी भरलेली शांतता धावरीनं पुन्हा कधी पाहिली नाही.

बुवा तेव्हा बाहेर दीपमाळेला हात टेकून वहाणा घालत होते. पुढचं हे त्यांनीच नंतर सांगितलं. हातात काहीतरी गुणगुणलं तेव्हा त्यांना वाटलं, फळ्या हलताहेत. मग ध्यानात आलं, आपण फळ्यांवर नाहीच. ही दीपमाळ दगडाची, उभी आहे ती जमिनीत. त्यांनी हात काढला. थांबलं. पुन्हा ठेवला. आणि त्यांचं नाम त्यांच्या हातात आलं. जे नाम त्यांनी तरुणपणी महाराजांकडून घेतलं होतं, आणि कीर्तनाची कीर्ती झाल्यापासून ज्याचा एकदाही जप केला नव्हता, ते! काय पुटपुटलं कुणास ठाऊक, असं म्हणून नुकतंच ज्याला त्यांनी झिडकारलं होतं, ते! एक मात्रा इकडची तिकडे नाही. एक पाय वहाणेत, एक पाय मोकळा, असे बुवा तिथेच उभे राहिले.

आत हौसानं महाराजांच्या छातीवरून हात काढला. घुमारा थांबला. तिनं माळ उचलली, एक मणी अंगठ्याखाली धरला, दाबला, पुढे सारला. पुन्हा दाबला. तिचे ओठ हलले नाहीत. पण अंगठा एका ठेक्यात दाबत होता, आणि तो ठेका मुसळाचा नव्हता. मग तिनं आईकडे पाहिलं आणि मूठ दाखवली. ही मूठ रिकामी नव्हती. गच्च मिटलेली होती. धुरपदेनं तोंडात पदर कोंबला आणि ती हमसून हमसून रडली.

फळ्या थरथरल्या. महाराजांनी मान वर केली. बुवा परत आले होते. एका पायात वहाण तशीच. ते आले आणि महाराजांपुढे आडवेच झाले. कपाळ फळीला टेकवून ते काहीतरी बोलत होते, रडत होते, पुन्हा बोलत होते. महाराज नुसते बघत राहिले. शेवटी धुरपदाच पुढे झाली.

"बुवा," ती म्हणाली, "तोंड वर करा. जमिनीशी बोललेलं महाराजांना कळत न्हाई."

बुवांनी तोंड वर केलं. तूप लावलेली मिशी आसवांनी भिजून ओठांवर उतरली होती.

"आन् मिशी वर घ्या."

भात कांडणारी धुरपदा विश्वंभरबुवांना मिशी वर घ्यायला सांगत होती! आणि विश्वंभरबुवांनी, ज्यांनी शेकडो माणसांना पायरीवर थांबवून मिशा पिळायला लावल्या होत्या, पण स्वतःची मिशी तूप लावून मिरवली होती, त्या बुवांनी दोन्ही हातांनी ती वर वळवली. ओठ मोकळे झाले. "चुकलो," ते म्हणाले. गळा इतका दाटला होता की आवाज फुटलाच नाही. शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेलं नाही. पण ओठ हलले.

"पोचलं," महाराज म्हणाले. "माझं झालं. तिचं राहिलंय."

हौसा देवाकडे तोंड करून माळ ओढत बसली होती. बुवा उठले, दोन पावलं तिच्या पाठीशी गेले आणि सवयीनं हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. आणि ते तसंच मिटलं. पाठीमागून हाक मारू नये, हा नियम त्यांचाच होता. आज त्यांना तो कळला. ते वळसा घालून तिच्यासमोर गेले, खाली बसले, आणि धुरपदेकडे बघून म्हणाले, "धुरपदाबाई, हिला हाक कशी मारतात?"

धुरपदेनं आपल्या हनुवटीवर बोट टेकवून दाखवलं.

बुवांनी आपलं जाडजूड बोट उचललं आणि हनुवटीवर टेकवलं. हौसानं पाहिलं. तिचा अंगठा मण्यावर थांबला. आजवर आईशिवाय कुणीही तिला हाक मारली नव्हती. तिनं पुन्हा एकदा बुवांकडे नीट पाहिलं, आपल्यालाच बोलावताहेत ना म्हणून, आणि मग मान हलवली. ओ दिली.

बुवांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. धुरपदा बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिच्या मनात एवढंच आलं की आता मी गेले तरी चालेल, माझ्या लेकीला हाक मारायला मागं माणूस आहे.